पुस्तकासोबत आलेलं सामान

मला ज्या कादंबऱ्या आवडतात त्यांच्यात एक कॉलेज असतंच. दगडी, जुनं, वेल चढलेलं, आणि बारा महिने धुक्यात बुडालेलं. त्या कॉलेजात एक वाचनालय, वाचनालयात एक बंद दालन, आणि त्या दालनात शिरलेली पाच-सहा मुलं. ही मुलं दिवसा मेलेल्या भाषा शिकतात आणि दिवस मावळला की मेलेल्या माणसांना हाका मारतात. एक प्राध्यापक असतो, फार हुशार आणि तेवढाच दुष्ट. तो एका मुलीकडे बघून म्हणतो, तुझ्यात काहीतरी आहे. ती मुलगी हमखास गरीब घरची, शिष्यवृत्तीवर आलेली, एकच धड कोट असलेली. पुढे रक्त सांडतं, कोणीतरी मरतं, आणि शेवटी तिला जे कळलेलं असतं ते जगात दुसऱ्या कोणालाच कळलेलं नसतं. हे सगळं मला पाठ आहे. तरी नवीन पुस्तक हाती आलं की मी पहिल्या पानापासून तशीच हपापते.

मी एटापल्लीला एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की राम राम. खोलीवर रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून आलापल्लीला गेले की मोबाईलवर पुस्तकं उतरवून घेते आणि मधल्या रिकाम्या तासाला स्टाफरूमच्या खिडकीशी बसून वाचते. बाहेर सागाची धुळकट पानं, आत मी आणि परक्या देशाचं धुकं. सोबतच्या बाई विचारतात, एवढं काय वाचत असता हो? मी सांगते, भुतांचं. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

ही ओढ कुठून लागली ते मला नीट माहीत आहे. चंद्रपूरला शिकत होते तेव्हा आमच्या कॉलेजचं वाचनालय काचेच्या कपाटांचं होतं आणि प्रत्येक कपाटाला कुलूप होतं. काउंटरवर चिठ्ठी द्यायची. आतले गृहस्थ ती वाचायचे, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "गाईड ने ना बाई, एवढं मोठं पुस्तक कायले पाह्यजे तुले?" मी काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी वाचायची. पुढे या कादंबऱ्या भेटल्या आणि त्यांच्यातलं ते निषिद्ध दालन आलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमचं तर अख्खं वाचनालयच निषिद्ध होतं. फरक एवढाच की कादंबरीत कुलूप लावायला कारण असायचं. आतली पुस्तकं इतकी जबरदस्त की ती चुकीच्या हातात पडली तर माणसं मरतील. मला हे भयंकर आवडलं. शिकणं परीक्षेसाठी, नोकरीसाठी, लग्नाच्या बायोडाट्यासाठी उपयोगाचं असतं हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण शिकलेल्या मुलीला लोकांनी भ्यावं, असं काही शिकता येतं, हे मला फक्त या पुस्तकांनी सांगितलं.

अशी पुस्तकं वाचणाऱ्यांचं इंटरनेटवर एक वेगळंच गाव आहे. तिथे मला पुण्याची एक मैत्रीण मिळाली. आम्ही कधी भेटलेलो नाही, पण कोणत्या कादंबरीतला कोण कोणाचा बळी देणार यावर तासन् तास भांडलोय. ती तपकिरी स्वेटर घालून, मेणबत्ती लावून, पुस्तकाशेजारी कॉफी ठेवून फोटो काढते. मला म्हणायची, तूही टाक ना. मी तिला सांगितलं, आमच्याकडे मे महिन्यात स्वेटर घातला तर ती कादंबरी न राहता आत्महत्या होईल. ती खूप हसली. जंगलात राहतेस, किती भारी, असं ती नेहमी म्हणायची.

तिला मी एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. माझं गाव चिमूरकडे. मी शाळेत होते तेव्हा गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. एका सकाळी तिला घरातून ओढून काढलं आणि चौकातल्या कडुलिंबाला बांधलं. करणी करते म्हणून. आम्ही मुलं दप्तरं घेऊन तिच्यासमोरून शाळेत गेलो. गुरुजींनी प्रार्थना नेहमीसारखी घेतली. संध्याकाळी झाडाखाली कोणी नव्हतं, ती लेकीकडे गेली म्हणाले, आणि त्यानंतर तिचं नाव कोणी काढलं नाही. तिच्या घराची कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, मात्र लोकांनी हळूहळू आपापल्या घरांवर नेली.

मग मी ही असली पुस्तकं कशी वाचू शकते, हा प्रश्न मला कोणी विचारायच्या आधी मीच मला खूपदा विचारलाय. उत्तर असं की पुस्तकातल्या चेटकिणीला कोणी झाडाला बांधत नाही. ती विशीतली असते, देखणी असते, तिच्याकडे पुस्तकं असतात. निदान दोनशे पानं तरी जग तिला घाबरून असतं. मला ती दोनशे पानं हवी असायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होते. घरी म्हणजे आईकडे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मी एकुलती एक, आणि आई एकटीच घर आणि धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सांभाळते. बाजूचं शेत मोठ्या बाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं. दोन शेतांच्या मधे धुरा आहे, मातीचा बांध. बाबा गेल्यापासून मोठे बाबा दर हंगामाला तो धुरा आमच्या बाजूनं थोडा थोडा कापत आले. आईला ते दिसायचं. पण ते तिचे भासरे, थोरले दीर, आणि आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई तोंड उघडत नाही. डोक्यावरून पदर ओढून बाजूला होते. आई इतकी वर्षं बाजूला होत होती आणि धुरा पुढे पुढे येत होता.

त्या दिवशी मी कामासाठी चिमूरला गेले होते आणि मैत्रिणीनं मला न सांगता गावच्या पत्त्यावर एक भेट पाठवली होती. कुरिअरवाला आमच्या गावात घरोघर फिरत नाही. सगळ्यांची पार्सलं बसथांब्याजवळच्या किराणा दुकानात येतात आणि तिथली रीत अशी की पार्सल दुकानातच, चारचौघांसमोर, कुरिअरवाला उभा असताना उघडायचं. एकदा एकाच्या मोबाईलच्या खोक्यात साबणाची वडी निघाली तेव्हापासून ही रीत पडली. फुटकं-तुटकं, बदललेलं काही निघालं तर सगळे साक्षीदार. आईला निरोप गेला, आई गेली, आणि रीतीप्रमाणे तिनं ते खोकं सगळ्यांसमोर उघडलं.

या कादंबऱ्यांच्या खास आवृत्त्या निघतात, त्यांच्यासोबत शोभेच्या वस्तू येतात. आईनं एकेक वस्तू दुकानाच्या फळीवर मांडली. काळ्या कडांचं जाड पुस्तक, मी मोबाईलवर आधीच वाचलेलं. एक काळी मेणबत्ती. लाल दोऱ्याची गुंडाळी. बूच लावलेल्या इवल्या बाटलीत राखेसारखी चमकी. हाडाच्या आकाराची, पुस्तकात घालायची खूण. आणि एक कागद, त्यावर गोल रिंगण आणि रिंगणात कोणालाच न वाचता येणारी अक्षरं. दुकानासमोर तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फळीवरून परतलेल्या बायका उभ्या होत्या, पोलीस पाटील बिडी ओढत होते. मला हे सगळं नंतर दुकानदारानं सांगितलं.

"कायचं सामान होय हे, वहिनी?" त्यानं विचारलं होतं.

"मले काय मालूम भाऊ," आई म्हणाली, "पोरीच्या कॉलेजचं असन." आणि तिनं ते सगळं पदरात बांधून भर रस्त्यानं घरी आणलं.

मी चिमूरहून परतले तेव्हा बसमधून उतरताना एकही बाई माझ्याशी बोलली नाही. घरी खाटेवर ते सामान मांडलेलं दिसलं. आई कौतुकानं म्हणाली, बाटली छान आहे, हळद ठेवता येईल. मी तिच्यावर ओरडले. तू हे तिथे कशाला उघडलंस? तिला कळेना की मी कशाला चिडले. फुटकं निघालं असतं तर, असं ती परत परत म्हणत राहिली.

मोठ्या बाबांचा पाय वर्षभर सुजलेला होता. आमच्या भागात हत्तीपाय नवा नाही. दरवर्षी त्याच्या सरकारी गोळ्या घरोघर वाटतात आणि बहुतेक लोक त्या नालीत टाकतात. मोठे बाबाही टाकायचे. पण पाय सुजण्याचं कारण आता गावाला पदरात बांधून नेताना दिसलं होतं. कारणाला कारण जुळत गेलं. धुऱ्याचं भांडण होतंच. बाई विधवा, एकटी. पोरगी जंगलात नोकरीला, लग्न नाही, आणि कसलीतरी पुस्तकं वाचते.

दोन दिवसांनी सकाळी समाजभवनात बैठक बसली. वैनगंगेपलीकडे दाणे पाहणारा एकजण आहे, त्याच्याकडे जायचं ठरत होतं. त्याची पद्धत अशी की गावातल्या प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ पळसाच्या द्रोणात घालून न्यायचे. तो दाणे जोडीजोडीनं मांडतो आणि कोणत्या घराचे दाणे विस्कटले ते सांगतो. द्रोण सगळ्या घरांचे पाहिजेत, एकही घर सुटलं तर तो बघत नाही. म्हणून रिकामे द्रोण मांडून ठेवले होते आणि सगळ्यांना घरून तांदूळ आणायला सांगितलं होतं. बैठकीत कोणी आईचं नाव घेत नव्हतं. सगळे फक्त माझ्याकडे बघत होते. आई बायकांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती, कारण समोर भासरे होते. बोलायचं मलाच होतं.

मी आधी कायदा काढला. जादूटोणाविरोधी कायदा आहे, कोणावर असा आळ घेतला तर तुरुंगात जावं लागतं, पोलीस पाटलांना हे माहीत आहे. पोलीस पाटील छताकडे बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "कायद्याचं राहू दे बाई. आमी कोणाले काई म्हटलं का? पुस्तकात काय हाये ते सांग. आमालेबी ऐकू दे."

मला वाटलं, ही संधी आहे. सांगितलं की भीती जाईल. मी शिक्षिका आहे, गोष्ट सांगणं हे माझं कामच आहे. मी सुरू केलं. एक जुनं कॉलेज आहे, परदेशात. तिथे पाच मुलं आहेत. त्यांचे आवडते मास्तर मरतात. मुलांना एक जुनी पोथी सापडते. ती रिंगण आखतात, काळ्या मेणबत्त्या लावतात, लाल दोरा बांधतात. जसजशी मी सांगत गेले तसतसं मला ऐकू यायला लागलं की मी काय सांगते आहे. पण सगळे पुढे सरकून ऐकत होते. माझ्या वर्गात एवढ्या एकाग्रतेनं मला कधी कोणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मला मजा वाटली.

मागून एक बाई न राहवून म्हणाली, "मंग उठला का थो मास्तर?"

पुस्तकात उठतो. तिसऱ्या भागात, सगळ्यात सुंदर लिहिलेलं प्रकरण आहे ते. मी म्हटलं, "पुस्तकात उठतो. पण ते खोटं आहे. कोणीतरी घरी बसून रचलेलं आहे."

"खोटं हाये तर छापलं काऊन?" म्हाताऱ्यांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते. गावात छापलेलं म्हणजे शाळेची पुस्तकं, पंचांग, पोथी आणि सातबारा. त्यातलं काहीच कोणी मजा म्हणून रचलेलं नसतं.

मी म्हटलं, "सिनेमासारखं आहे ते. सिनेमात नाही का माणूस मरतो आणि पुढच्या सिनेमात परत येतो?"

त्यावर मोठ्या बाबांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, पहिल्यांदा बोलला. "सिनेमावाले सामान घरी नाई धाडत, बाई."

त्याचं म्हणणं खरं होतं. कोणाला तरी पुस्तकासोबत मेणबत्ती का द्यावीशी वाटते, ती घ्यायला लोक का धावतात, हे मी त्या समाजभवनात कोणत्या शब्दांत सांगणार होते? आम्हाला थोडं खोटं खोटं भ्यायचं असतं, म्हणून? तिथे बसलेल्या कोणालाच खोटं भ्यायची हौस नव्हती.

तेवढ्यात आई उठली. पदर तसाच, तोंड तसंच भिंतीकडे, पण आवाज मोठा. भासऱ्यांसमोर तिचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. "माह्या घरचे दाणे न्या," ती म्हणाली. "माह्यापाशी जे हाये थे हाये. अन् ज्यानं दुसऱ्याचा धुरा तोडला त्यानं आपला पाय पाहावा." कनवटीची तांदळाची पुडी काढून तिनं समोरच्या रिकाम्या द्रोणात ओतली आणि द्रोण समाजभवनाच्या मधोमध ठेवून दिला.

ती नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही. तिनं नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. म्हाताऱ्यांनी चुलत भावाला द्रोण उचलायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. मग दुसऱ्याला सांगितलं, त्याला एकदम काम आठवलं. पोलीस पाटील तर केव्हाच बाहेर गेले होते. त्या द्रोणाला हात लावायला कोणी तयार होईना, आणि आमच्या घरचे दाणे नेले नाहीत तर बाकीचे नेऊन उपयोग नव्हता. बैठक उठली असं कोणी म्हटलं नाही, पण लोक एकेक करून उठून गेले. द्रोण तिथेच राहिला.

घरी आल्यावर आमचं जे भांडण झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मी म्हटलं, तू स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं केलंस, उद्या तुला मारतील. सामान जाळून टाकू म्हणून मी माचीस शोधायला लागले. आई शांतपणे भाकरी थापत होती. मग तिनं विचारलं, "तू कायले वाचतं थे पुस्तकं? खरं सांग."

मी उभ्या उभ्या, रागारागात सांगितलं. त्यात एक मुलगी असते, तिला कोणी मोजत नाही. मग तिला असं काही कळतं जे बाकीच्यांना कळत नाही. मग सगळे तिला भितात. तिच्या वाटेला कोणी जात नाही.

"मंग?" आई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

माझ्याजवळ माचीस होती आणि मी ती पेटवली नाही. इतकी वर्षं मी ज्याला माझी खास, शिकलेली आवड समजत होते, ती माझ्या आईला एका वाक्यात समजली होती. तिनं माझ्यासारखी ती पुस्तकातच ठेवली नव्हती एवढंच.

पुढच्या आठवड्यात धुरा जागेवर आला. चुलत भाऊ पहाटे फावडं घेऊन आला आणि जुन्या खुणेवर माती चढवून गेला. हापशीवर आई पोचली की बायका कळशा बाजूला घ्यायच्या आणि आईची कळशी आधी भरायची. कोणीतरी दाराशी मोहफुलांची टोपली ठेवून गेलं, कोणी कोवळी वांगी. दुकानदार वहिनी म्हणायचा तो मायबाई म्हणायला लागला. आई हापशीवरून येताना मी दारातून बघत असायची. ती ताठ चालत होती. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. आणि त्या आनंदाची भीतीही वाटली.

मग मोठ्या बाबांची सून तिचं तान्हं लेकरू घेऊन दारात आली. लेकरू तापानं फणफणलं होतं. तिनं ते आईच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "काकू, जे झालं थे झालं. याले सोडा." याले सोडा. आईनं त्याला धरलेलं होतं असंच ती धरून चालली होती. मी आतून ओरडत आले की दवाखान्यात न्या, ताप आहे हा, मलेरिया असेल. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती खाली वाकली, लेकराच्या कपाळावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "आता ने दवाखान्यात."

मी त्या दोघांना चुलत भावाच्या मोटारसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात धाडलं. रक्त तपासलं, मलेरियाच निघाला, गोळ्या मिळाल्या, लेकरू उठून खेळायला लागलं. नाव कोणाचं झालं हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दारात आणखी दोघी होत्या.

मी आईला त्या म्हातारीची आठवण करून दिली, झाडाला बांधलेल्या. आई म्हणाली, "तिच्याकडेबी असेच जात होते लोकं. तुलेबी नेलं होतं मी, लहानपणी. तुह्या अंगावर गोवर उठला होता तवा." मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग तिला बांधलं तेव्हा तू कुठे होतीस? "घरात," आई म्हणाली. "तिच्या हातचं एक लेकरू मेलं होतं. दार लावून बसली होती मी." तिनं हे लपवलं नाही, आवाज खाली केला नाही. ज्या दिवशी आपल्या हातचं एखादं लेकरू जाईल त्या दिवशी काय होईल, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज दार उघडत होती.

मैत्रिणीचा मेसेज आला, बॉक्स आवडला का, फोटो टाक ना. मी लिहिलं, आवडला, आईला जास्त आवडला. तिनं हसण्याची चित्रं पाठवली. तिची काहीच चूक नव्हती, आणि तिला सगळं सांगितलं असतं तर तिला ती गोष्ट भारी वाटली असती याचीच मला धास्ती होती. अजून सांगितलेलं नाही.

मी ती पुस्तकं वाचायचं सोडलं असं लिहायला मला आवडलं असतं. सोडलं नाही. पण आता वाचताना माझी चिडचिड होते. ती मुलगी शेवटी सगळी विद्या घेऊन कॉलेजच्या दारातून बाहेर पडते, पुस्तक संपतं, आणि मी मनात विचारते, आता राहणार कुठे ही? भाजी कोणाकडून घेणार? शेजारच्या घरात पोर आजारी पडलं की हिचं काय होणार? लिहिणाऱ्यांनी त्या मुलीला कधी एकाच गावात वीस वर्षं राहू दिलेलं नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडायची वेळ आली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आईला म्हटलं, माझ्यासोबत चल. शेत बटईनं, वाट्यानं कसायला देऊ. खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल. तिथे बाजार आहे, दवाखाना आहे, तुझ्यामागे कोणी लागणार नाही. कधीतरी एक लेकरू जाईल माय, आणि त्या दिवशी मी तिकडे असेन, मला पोचायला दिवस लागतो. बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. दाराबाहेर पायरीशी एक बाई कडेवर पोर घेऊन थांबली होती, उन्हात, आत यायची हिंमत होत नसल्यासारखी.

आईनं माझे डोळे पदरानं पुसले. मग ती उठली, पदर सारखा केला आणि दाराकडे जाता जाता म्हणाली, "तिथी येऊन मी काय करू, पोरी? तिथी मले कोण ओळखते?"